‘पुट अप’चा अर्थ

परभणीहून चेन्नईला केंद्र सरकारच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा माझं इंग्रजी मराठी शाळेतलं होतं. एग्मोरच्या कचेरीत साहेब कागदावर ‘प्लीज पुट अप’ असा शेरा मारत. म्हणजे फाईल सादर करा, हे चार दिवसांत कळलं. शाळेत मात्र बाईंनी ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, असं घोकून घेतलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या तमिळ मॅडमनी विचारलं, “व्हेअर आर यू पुट अप, मा?” त्या भरभर बोलायच्या. मला ‘यू पुट अप’ एवढंच ऐकू आलं. समोर फाईल तर नव्हती. म्हणजे मी काय काय सोसतेय हे त्या विचारताहेत, असं मी समजले.

इथे आल्यापासून हे कुणीच विचारलं नव्हतं. मी मोडक्या इंग्रजीत सांगत सुटले. हॉस्टेलला पाणी पहाटेच येतं. खोलीतल्या तिघी आपसांत तमिळ बोलतात, मी भिंतीकडे तोंड करून बसते. तिन्ही त्रिकाळ भात, पोट भरल्यासारखं वाटत नाही. सांगता सांगता रडूच फुटलं.

मॅडमनी डबा बाजूला ठेवला. सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मला घरी घेऊन गेल्या. मुलीचं लग्न झाल्यामुळे तिची खोली रिकामी होती. त्यांच्या यजमानांनी तिथला पंखा लावून दिला, मॅडमनी गव्हाचं पीठ आणवलं. एका रात्रीसाठी गेलेली मी तीन आठवडे राहिले.

एकदा कढीपत्ता निवडताना मी म्हणाले, “तुम्ही मला त्रासाबद्दल विचारलंत, फार बरं वाटलं.”

त्या गोंधळल्या. मग हसून म्हणाल्या, “अगं, तू कुठे राहतेस, एवढंच विचारलं होतं मी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मग मला थांबवलं का नाही?”

“तू बोलत होतीस ना,” त्या म्हणाल्या आणि पुढची काडी उचलली.

त्यांच्याच गल्लीत मला खोली मिळाली. बदली होईपर्यंत मी तिथेच होते. रविवारी दुपारी त्या चपात्या करायला बोलवायच्या. त्यांच्या हातून कधी गोल झाल्या नाहीत, पण यजमान कौतुकाने खायचे.