हवेवरचा दांडा

कळमनुरीच्या जनावरांच्या दवाखान्यात कोंडीबा खिल्लारे कंपाउंडर होता. माणूस अबोल, हाताला मात्र स्वस्थता नसायची. वस्तीतले बिघडलेले ट्रान्झिस्टर, घड्याळं त्याच्याकडं यायची. घरात तो आणि त्याची बायको पद्माबाई, दोघंच. एकुलती लेक, पेमा, सेनगावला दिलेली.

पद्माबाई गायची. जयंतीच्या मिरवणुकीत, विहारात, बारशाच्या पाळण्याला तिच्याशिवाय कुणाचं भागत नसे. सत्तर सालच्या सुमारास नांदेडच्या एका हौशी माणसानं रेकॉर्ड काढायचं मनावर घेतलं आणि तिला हैदराबादला नेऊन दोन भीमगीतं भरून घेतली. साथीला महेबूब होता. कळमनुरीच्या बाजारात त्याचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं आणि वाजवायचाही तो गोड. पुढं त्या हौशी माणसाचं काही जमलं नाही. रेकॉर्ड बाजारात आलीच नाही. पद्माबाईच्या हाती राहिली ती नमुन्याची एकच तबकडी, पत्र्यावर लाखेसारखा मऊ थर दिलेली. असली तबकडी दोन-चारदा ऐकून बघण्यापुरती असते. घरी येईल त्याला ती ऐकवली गेली, आणि प्लेअरच्या जड सुईनं दर वेळी थोडी थोडी खरवडली गेली.

दुष्काळाचं वर्ष सरलं आणि पद्माबाईच्या गळ्याला गाठ आली. गलगंड म्हणाले. मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती घोगरी कुजबूज. भाजीवालीला तिचं बोलणं ऐकू जाईना, मग ती बोटानं दाखवून भाजी घेई. पुढच्या जयंतीला दुसरीच बाई गायली. पद्माबाई त्या दिवशी घरातच राहिली.

कोंडीबानं तबकडी कापडात गुंडाळून ठेवली. घासत चाललेला तो आवाज वाचवायचा कसा, हे त्याच्या डोक्यातून जाईना. औरंगाबादला दोन वर्षं कॉलेज केल्यामुळं त्याला इंग्रजी वाचता येत होतं. नांदेडच्या रद्दीवाल्याकडं त्याला एक परदेशी मासिक मिळालं. त्यात प्लेअरच्या दांड्याचं एक चित्र होतं. नेहमीचा दांडा एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळं सुई तबकडीवर तिरकी चालते. या चित्रातला दांडा आडव्या नळीवर सरळ सरकत होता, आणि नळी आणि दांडा यांच्यामध्ये होती फक्त हवा. नळीला बारीक छिद्रं पाडायची आणि आतून वारा सोडायचा. वरची कडी अधांतरी तरंगते, कुठंही घासत नाही, आणि सुई जवळजवळ वजनाशिवाय चालते.

एकमेकांत इतक्या बेतानं बसणाऱ्या दोन नळ्या आणायच्या कुठून? त्या त्याच्या रोजच्या हातातल्याच निघाल्या. म्हशींना औषध टोचायची मोठी काचेची सिरिंज. आतला दट्ट्या पोकळ, बाहेरच्या नळीत अंगाला अंग लावून फिरणारा. मोडीत काढलेली एक सिरिंज त्यानं डॉक्टरांना विचारून घरी आणली. तांब्याच्या तारेला घासपूड लावून दट्ट्याला छिद्रं पाडली. पहिला तडकला. दुसरा जमला. बाहेरच्या नळीचा एक तुकडा कापून त्याची कडी केली आणि ट्रान्झिस्टरच्या एरियलचा तुकडा तिला दांडा म्हणून जोडला.

वाऱ्यासाठी त्यानं आधी सायकलचा पंप लावून पाहिला. वारा हिसक्यानं यायचा, दांडा थरथरायचा. मग तो महेबूबकडं गेला. महेबूबनं पेटीसारखाच पण मोठा भाता शिवून दिला. भात्याचा वारा ट्रकच्या ट्यूबमध्ये भरायचा, ट्यूबवर फळी, फळीवर दगड, म्हणजे पुढं एकसारखी धार निघते.

"भाभीको पूछे क्या?" भाता देताना महेबूबनं विचारलं.

"तिच्यासाठीच तर करून राहिलो," कोंडीबा म्हणाला.

"मैं वो नै पूछा."

कोंडीबानं भाता खांद्यावर घेतला आणि निघाला.

तो हिवाळा त्या टेबलापाशीच गेला. दवाखान्यातून आला की चहा तिथंच. कडी तरंगायला लागली, पण आपोआप एका अंगाला सरकायची. टेबल केसभर कललेलं असलं तरी तिला कळायचं. पायांखाली पत्र्याचे कपटे सारून त्यानं टेबल पाण्याच्या पातळीत आणलं. मग सुईकडून येणाऱ्या तारा दांड्याला मागं ओढू लागल्या. जुन्या हेडफोनमधली केसाएवढी तार काढून त्यानं त्या बदलल्या. ट्यूबमधून ओल येऊन कडी चिकटू लागली तेव्हा वाटेत कापसाचा बोळा बसवला.

पद्माबाई अधूनमधून दारात येऊन उभी राही. काहीतरी बोले. भात्याच्या फुसफुशीत ते त्याला ऐकू जात नसे.

"मोठ्यानं बोल ना," तो मान वर न करता म्हणे. नाहीतर, "नंतर सांग."

ती आत जाई. आताशा ती दिवसाही पडून असायची. चेहरा सुजलेला दिसे, केस गळत होते. आवाज गेल्याचं दुःख, असं कोंडीबानं मनाशी धरून ठेवलं होतं.

चैत्रातल्या एका रविवारी दुपारी दांडा तयार झाला. महेबूब आला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पद्माबाई शाल पांघरून भिंतीला टेकली होती. महेबूबनं भाता मारायला घेतला, पण त्याला दम्याची तकलीफ. थोड्या वेळानं तो खोकू लागला. पद्माबाई उठली आणि तिनं भात्याची मूठ त्याच्या हातातून घेतली.

सुई टेकली. खरखर फारशी नव्हती. आधी पेटी आली, मग गाण्याआधीचा एक श्वास, आणि मग तिचा आवाज, घरभर. महेबूबनं मान खाली घातली. कोंडीबा स्पीकरपाशी डोळे मिटून बसला होता. त्याचा चेहरा सैल झाला होता, लग्नाच्या नव्या दिवसांत असायचा तसा. ऑपरेशन झाल्यापासून त्यानं पद्माबाईकडं अशा चेहऱ्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

तिनं हात थांबवला.

ट्यूब हळूहळू बसत गेली. "पद्मा, हवा," कोंडीबा डोळे न उघडता म्हणाला. मग उघडले. ती हात मांडीवर घेऊन बसली होती. कडी काचेला टेकली, अडली, आणि सुई अंतऱ्यावरून आडवी ओरखडत गेली. महेबूबनं झेप घेऊन दांडा उचलला.

"हात भरून आला का?" कोंडीबानं विचारलं.

तिनं मान हलवली. "मुद्दाम थांबले."

"काहून?"

"मी मेले न्हाई अजून," ती कुजबुजली. "मेलेल्या माणसाचं जपून ठेवतेत तसं करून राहिले तुमी."

कोंडीबा तबकडीवरचा ओरखडा बघत होता. "गळा गेला तो गेला. एवढं एक राहिलं होतं, तेबी तू ठेवलं न्हाई."

हे बोलायला नको होतं. महेबूब चपला घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पद्माबाई सेनगावच्या एसटीत बसली.

कोंडीबा एकटाच राहिला. रागात त्यानं दांड्यात आणखी एक सुधारणा केली. हवा उतरली की एक हलकी स्प्रिंग दांडा आपोआप वर उचलून धरील, अशी. ती छान चालली. ते दाखवायला तो महेबूबच्या दुकानात गेला.

महेबूबनं पेटीचे सूर लावता लावता ऐकून घेतलं. "पहले उनको लेके आव," तो म्हणाला. "फिर मैं देखतूं."

सेनगावला पेमाच्या ओट्यावर पद्माबाई तूर निवडत होती. अंगावर तीच शाल. कोंडीबा समोर बसला. ती बोलली, ते रस्त्यावरच्या जीपच्या आवाजात गेलं. तो उठून तिच्या अगदी जवळ जाऊन बसला.

"किती दिवसांपून सांगून राहिले," ती म्हणाली. "उन्हाळ्यातबी गारठा वाजतो. पाय सुजतेत. बादली उचलत न्हाई. जीभ जड झाली. तुमाला सांगायला आले की तुमी म्हणता, नंतर."

कोंडीबानं तिचा हात हातात घेतला. कातडी कोरडी, खरबरीत होती. नाडी सावकाश चालली होती. सुस्तावलेलं जनावर दारात आलं की तो आधी त्याच्या अंगाला हात लावून बघायचा. घरात बायको वर्षभर अशी होती आणि त्यानं हात लावला नव्हता. पेमानं आणलेला चहा गार झाला.

त्याच आठवड्यात त्यानं तिला नांदेडला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, गाठीबरोबर गळ्यातली ग्रंथीच काढून टाकलीय, तिच्या बदल्यात रोज गोळी लागते, जन्मभर. ती कुणी सांगितली नव्हती का? सांगितली असेल, नसेल. दोघांनाही आठवेना. कागद तर हरवलेच होते. आणखी वर्षभर अशीच राहिली असती तर वाचली नसती, असंही डॉक्टर म्हणाले.

गोळ्यांनी सूज उतरली. पावसाळ्यापर्यंत ती पुन्हा विहिरीवर जाऊ लागली. घोगरेपणा थोडा निवळला, पण गाणं परत आलं नाही, आणि येणारही नव्हतं. कोंडीबा दवाखान्यातून आला की आता चुलीपाशी, तिच्या शेजारी बसे. काही दिवस तिनं त्याच्याकडं पाठ करूनच भाकरी थापल्या.

पुढच्या वर्षी त्याची बदली झाली. सामान बांधताना त्यानं तबकडीचं काय करायचं ते तिला विचारलं. "महेबूबभाईंना द्या," ती म्हणाली. "त्यांची पेटी हाय तिच्यात." काचेचा तो दट्ट्या ट्रकमध्ये फुटला. नव्या गावच्या दवाखान्यातही मोडीतल्या सिरिंजा पडल्या होत्या. कोंडीबानं त्यातली एकही मागितली नाही.