बांगड्या वाजल्या तेव्हा

कडेगावच्या लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या भाभी म्हणायचो. पोटुशीच्या हातातला हिरवा चुडा उतरवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. माझी शीर मनगटापाशीच सापडायची, म्हणून भाभी आधी आपल्या हातानं बांगड्या वर सारायच्या. मग रक्ताची नळी हळूहळू उलटसुलट करत बसायच्या, बाळ जोजवल्यासारखी. रिपोर्टचं विचारलं की एकच उत्तर, "ते डाक्टर सांगतील. मी न्हाई बोलायची."

आठव्या महिन्यात बांगड्या जागच्या हलेनात.

"हात कवापास्नं सुजलाय गं?"

"उन्हानं असंल, भाभी."

त्यांनी कशीबशी शीर शोधून रक्त घेतलं. रक्त तपासून झाल्यावर त्यांनी रिपोर्ट मला दिलाच नाही. पायात चपला सरकवल्या आणि माझा हात धरून डॉक्टरांकडं आल्या.

"आवं डाक्टर, मागच्या बारीपेक्षा हिच्या प्लेटलेट लय उतरल्यात, हातबी सुजलाय. आधी बीपी बघा."

बीपी भलतंच चढलेलं निघालं. दुपारीच मला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं.

दोन महिन्यांनी तिथं झालेल्या लेकीला भाभींना दाखवायला गेले. भाभींनी आधी माझंच मनगट धरलं आणि बांगड्या वर सारल्या. त्या खळखळल्या, तेव्हा कुठं म्हणाल्या, "आण आता तिला हिकडं."