मागच्या चाकांची रबरं

दादाच्या ट्रकचे ब्रेक माझ्यामुळे गेले. हे मी चार वर्षं कुणापुढे बोललो नाही, आणि त्या चार वर्षांत शिरूरचा एक चांगला मिस्त्री स्वतःच्या हातांना भिऊ लागला. आता माझी पंचेचाळिशी उलटली आहे. सुरुवातीलाच हे लिहून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी पुन्हा काहीतरी आडवाटेचं सांगत बसेन.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिरूरपासून पाच-सहा मैलांवर आमची वस्ती. दादाने बारा वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले. मी दौंडला, रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी दादाने लष्कराच्या मोडीतला एक ट्रक घेतला. लष्कराच्या लिलावात तो आधी ज्याने घेतला त्याने त्यात जुनं डिझेल इंजिन बसवलं होतं आणि मग कंटाळून तो शेताच्या बांधावर सोडून दिला होता. आमच्या वस्तीवर तो दुसऱ्या ट्रकच्या मागे साखळीने बांधून आला. केबिनमध्ये कोंबड्यांची शीट इंचभर साचली होती.

विहाराच्या ओट्यावर बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "ड्रायव्हर, गाडी घेतली का खुराडं?"

"खुराडं," दादा म्हणाला. "अंडी बी घालंल. तुला न्हाई देणार."

ओटा हसला. पण आमच्या वस्तीवर कुणाच्या मालकीची ती पहिलीच गाडी होती, आणि त्या दिवशी येता-जाता प्रत्येकाने तिला एकदा हात लावला.

गॅरेजमध्ये टाकून काम करून घेणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून दादाने शिरूरच्या मिस्त्रींना गळ घातली. त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं. पन्नाशीचे, बारीक, दाढीत पांढरं आलेलं. शुक्रवारी त्यांचं गॅरेज बंद असायचं. दुपारची नमाज झाली की ते सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून आमच्याकडे यायचे. त्यांनी ठरवून दिलं होतं, "खोलणं, धुणं, घासणं तुम्ही घरी करायचं. जोडणी मी करनार. माझ्या हाताशिवाय काई जोडायचं न्हाई." त्यामुळे खर्च निम्म्यावर आला.

सात-आठ महिने ते काम चाललं. गाडी कडुनिंबाखाली दगडांवर चढवून ठेवलेली. वहिनी आणि दादा तारेच्या ब्रशने गंज खरवडायचे. मागचा हौदा गावच्या सुताराने बाभळीच्या फळ्यांचा केला. पुढचे दिवे मी दौंडच्या भंगारातून आणले, दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांचे. रेडिएटर थेंबथेंब गळत होता तर मामांनी वहिनीकडून मूठभर हळद मागून त्यात टाकली, आणि गळती थांबली. वहिनी म्हणाली, "मामा, मीठ-मिरची बी घालू का?" मामा म्हणाले, "थांब, आधी उकळी येऊ दे."

मला शेडमध्ये गुरुवारी सुट्टी असायची. मी बुधवारी रात्री यायचो, गुरुवारी काम करायचो, आणि शुक्रवारी मामा येण्याच्या आत परतायचो. त्यामुळे आमची गाठ क्वचितच पडे. पडली की ते मला फिटरसाहेब म्हणत. "काय फिटरसाहेब, तुमचं इंजिन रुळावरनं चालतंय, आमचं खड्ड्यातनं. जरा सबुरीनं." मला ते झोंबायचं. मी रेल्वेचा माणूस. शंभर टनांची इंजिनं खोलून जोडणारा. सायकलवर येणाऱ्या मिस्त्रीने मला शिकवावं हे मनात कुठेतरी टोचत होतं.

ब्रेकचं काम शेवटी आलं. ट्रकच्या प्रत्येक चाकात एक लहान नळकांडं असतं. पेडल दाबलं की तेल त्यात येतं आणि वाटीसारखी दोन रबरं ते तेल अडवून धरतात. एका चाकाचं रबर गळू लागलं की तेल तिथून निघून जातं आणि सगळ्याच चाकांचे ब्रेक जातात. त्या गाडीत तसंच होतं. दादाने पुण्याहून नवी रबरं आणली. मामांनी एका शुक्रवारी पुढची दोन चाकं जोडली. मागची दोन राहिली. जाताना त्यांनी दादाजवळ माझ्यासाठी निरोप ठेवला, "मागली नळकांडी घासून ठेव म्हणावं. रबराला मात्र हात लावू नको. रबराला रॉकेल चालत न्हाई, ब्रेकच्या तेलाशिवाय काईच चालत न्हाई."

दादाने तो निरोप मला शब्दाशब्दाने दिला. मी ऐकला.

त्या गुरुवारी मी मागची दोन्ही चाकं जोडून टाकली. मामांचा एक दिवस वाचेल, गाडी आठ दिवस आधी रस्त्यावर येईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला करून दाखवायचं होतं. शेडमध्ये आम्ही जोडण्याआधी प्रत्येक वस्तू रॉकेलने धुवायचो आणि वर ऑइलचं बोट फिरवायचो. हात आपोआप तसाच चालला. घमेल्यात रॉकेल होतंच. नवी रबरं त्यात टाकली, खळबळून काढली, आणि सरकन आत जावीत म्हणून वर इंजिनचं ऑइल चोळलं. रेल्वेचे ब्रेक हवेच्या जोरावर चालत. तेलाच्या ब्रेकचं रबर मी आयुष्यात कधी हाताळलं नव्हतं. निरोप आठवत होता. मला वाटलं, धुण्याने काय होतंय.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून थांबलो. मामा आले. जोडलेली चाकं बघून उभेच राहिले.

"कुणी जोडली?"

"मी."

"ब्रेकच्या तेलानंच पुसलीस ना रबरं?"

"व्हय मामा."

"रॉकेल न्हाई ना लावलं?"

"न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "रेल्वेचा माणूस हाय. बरं." आणि गाडीखाली शिरले. मी पेडल मारायचो आणि ते खालून नळीतली हवा काढायचे. "मार. धर. सोड." पेडल वीट दाबावी तसं घट्ट झालं. गाडी चालवून बघितली तर जागच्या जागी उभी राहत होती.

महिन्याभरात गाडी पास झाली. दादा कांदा आणि गूळ दौंडच्या मालधक्क्यावर आणू लागला. कधी कधी शेडच्या फाटकापाशी हॉर्न वाजवायचा. दुसऱ्या महिन्यात मला म्हणाला, "मागली चाकं लई तापत्यात रं. हात लावू देईनात."

मी म्हणालो, "ब्रेकचं लायनर नवीन हाय. घासून बसंल."

"मामास्नी दाखवू का?"

"कशाला? मी हाय की."

त्याने दाखवली नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, कांद्याचा भरलेला ट्रक दौंडच्या अलीकडे भीमेच्या उतारावर होता तेव्हा पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. दादाने पुलावर बैलगाड्या बघितल्या आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या दगडांवर घातली. बैलगाड्यांना काही झालं नाही. दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली पत्र्यात अडकला.

शेडमध्ये कुणीतरी येऊन मला सांगितलं. मी हातातलं काम पुरं केलं, पाना जागेवर ठेवला, साबणाने हात धुतले. मग दवाखान्यात गेलो. लोक नंतर म्हणाले, किती धीराचा माणूस. तो धीर नव्हता. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दादाचा पाय कापला तेव्हाही मी बाहेर बाकावर बसून डबा खाल्ला. मेथीची भाजी होती.

ओट्यावर बोलणं सुरू झालं. मिस्त्रीनं जुनीच रबरं घातली आणि नवी विकून खाल्ली, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने होकाराची मान हलवली. आठवड्याभरात ते शिरूरच्या स्टँडपर्यंत पोचलं. मी ओट्यावर बसलेलो असायचो. माझ्याकडे बघून कुणी विचारलं की मी म्हणायचो, "आता काय बोलायचं." याचा अर्थ ज्याला जो घ्यायचा त्याने तो घ्यावा. तो कोणता घेतला जातोय हे मला दिसत होतं.

मामा दादाला भेटायला आले. एक शब्दही स्वतःच्या बाजूने बोलले नाहीत. जाताना वहिनीला म्हणाले, "माज्या हातनं कुठं काय राहिलं ते मला उमगत न्हाई, पोरी." वहिनी रडली. मी पाणी आणायला आत गेलो आणि ते जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

गाडी ओढून आणून कडुनिंबाखालीच लावली होती. दादा दाराशी बसून कांद्याच्या गोण्या शिवायचा आणि तिच्याकडे पाठ करायचा. भंगारवाले विचारायला यायचे. मीच त्यांना परत पाठवायचो, "दादाच्या मनाला लागंल, आता नको." घरातल्यांना वाटायचं, भावाचा किती जीव. पण गाडी खोलली तर खोलणाऱ्याला मागची रबरं दिसली असती. म्हणून मी ती खोलू देत नव्हतो.

अशी चार वर्षं गेली. एका शुक्रवारी मी शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या बसची वाट बघत होतो. मामांचं गॅरेज समोरच. बंद होतं, पण ते बाहेर बाकावर बसले होते. एक जीपवाला थांबला. "मामा, ब्रेक बघता का? पेडल मऊ लागतंय."

"ब्रेक न्हाई," मामा म्हणाले. "इंजिनचं सांग, गिअरचं सांग. ब्रेकला माझा हात चांगला न्हाई. पुढच्या गॅरेजला जा."

जीपवाला गेला. मला तोवर वाटत होतं की मी त्यांचं नाव खराब केलं. ते ऐकेपर्यंत मला माहीत नव्हतं की लोकांचं बोलणं त्यांना स्वतःलाच खरं वाटू लागलंय.

तेव्हाही मी बस पकडली. हेही लिहायला हवं. पुढच्या शुक्रवारी मात्र रजा काढून गेलो आणि बाकावर त्यांच्या शेजारी न बसता समोर उभा राहिलो.

"मामा, मागली रबरं मी रॉकेलनं धुतली हुती. वर इंजिनचं ऑइल लावलं हुतं."

एखाद्या गाडीची तक्रार विचारावी तसं त्यांनी विचारलं, "दोन्ही चाकांची?"

"व्हय."

"मी तुला विचारलं हुतं."

"व्हय."

"दोनदा विचारलं हुतं."

"व्हय मामा."

ते उठले. कुलूप काढून आत गेले. मला वाटलं ते काहीतरी घेऊन मारायला येतील, आणि तसं झालं असतं तर चाललं असतं. ते हत्यारांची पिशवी घेऊन आले. "चल," म्हणाले. बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले आणि सगळा रस्ता मला त्यांची पाठच दिसली.

घरी दादा गोण्या शिवत होता. मामा त्याला म्हणाले, "गाडी खोलतो. नको म्हणू नको." दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्याने सुई गोणीत टोचून ठेवली आणि कुबडी घेतली.

मागच्या चाकाचा ड्रम गंजून बसला होता. मामांनी अर्धा तास हातोड्याने ठोकून तो सोडवला. आवाज ऐकून ओट्यावरचे तीन-चारजण येऊन उभे राहिले. नळकांडं खोललं. रबर निघेना, रॉकेल-ऑइलने फुगून भिंतीला चिकटलेलं. ब्रेक त्यामुळे सुटत नव्हता, म्हणूनच ती चाकं तापत होती. शेवटी निघालं ते मळलेल्या कणकेसारखं मऊ, कड बाहेर वळलेली, बोटाला काळं चिकटत होतं. मामांनी ते दादाच्या तळहातावर ठेवलं.

मग ते पुढच्या चाकाकडे गेले. ते त्यांनी स्वतः जोडलेलं होतं. खोलण्याआधी त्यांनी दोन्ही हात फडक्याला पुसले. त्यातलं रबर निघालं ते वाटीसारखं नीट, कड शाबूत. त्यांनी ते अंगठ्याने दाबलं, सोडलं, परत दाबलं. बराच वेळ तेच करत राहिले. मग तेही दादाच्या हातावर ठेवलं.

दादाने दोन्ही बघितली. "हे मागलं कुणी जोडलं हुतं?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं. तो त्या गुरुवारी घरीच होता, रॉकेल मात्र त्याने बघितलं नव्हतं. पण जोडणी तपासून मामांनी होकार दिला होता, म्हणून त्याने कधी त्यात शंका घेतली नव्हती.

"सांग," मामा मला म्हणाले. "मला सांगून झालं. आता ह्यांना सांग."

मी सांगितलं. निरोप, घमेलं, ऑइल, मामांनी दोनदा विचारलं ते, चाकं तापत होती तेव्हा मी काय म्हणालो ते. भंगारवाल्यांना का परत पाठवलं तेही. माझा आवाज नेहमीसारखा निघत होता. ओट्यावरच्या एकाने, नवी रबरं विकल्याचं ज्याने पहिल्यांदा म्हटलं होतं त्याने, दादाच्या हातातून दोन्ही रबरं घेतली, बघितली, आणि शेजारच्याला दिली. ती सगळ्यांच्या हातांतून फिरली. "रेल्वेचा फिटर," कुणीतरी म्हणालं. हसलं कुणी नाही.

दादा मामांना म्हणाला, "चार वर्षं तुम्ही मान खाली घालून जगला, आन् मी जगू दिलं." दादा माझ्याशी काहीच बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि त्यानंतर बरेच महिने.

वहिनीने चहा केला. चहा झाल्यावर मामा पुन्हा पुढच्या चाकापाशी जाऊन बसले आणि त्यांनी ते रबर ब्रेकच्या तेलात बुडवून परत जागेवर बसवायला घेतलं. ती गाडी आता कधी चालणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी ते एकेक नट बेताने आवळत होते, मधेच थांबून चाचपून बघत होते. मधे एकदा वर न बघता त्यांनी हात पुढे केला. मी पिशवीतून लहान पाना काढून दिला. तो त्यांनी घेतला.