भिंतीकडे तोंड करून जेवणारे शेठजी

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी नवऱ्याची बदली मंगरूळपीरला झाली. मी मानसशास्त्र शिकले होते आणि मुंबईच्या एका दवाखान्यात काही महिने कामही केलं होतं. शेजारच्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यामागची औषधांची खोली आठवड्यातून दोन दुपारी मला दिली. ज्याच्या दुखण्यावर गोळी सापडत नसे त्याला ते माझ्याकडे पाठवत. बहुतेक जण एकदा येत, इथे सुई नाही की बाटली नाही हे पाहत आणि पुन्हा फिरकत नसत.

कापडाचे एक जैन दुकानदार मात्र येत राहिले. पन्नाशीचे, नीटनेटके, कमी बोलणारे. त्यांना कुणासमोर जेवता येत नसे. घरीसुद्धा ते भिंतीकडे तोंड करून बसत. कुणी पाहतंय असं वाटलं की घास घशात अडके. इतकी वर्षं ते निभावलं होतं. आता मुलीचं लग्न ठरलं होतं आणि व्याह्यांच्या पंगतीत बसणं भाग होतं.

“व्याही काय म्हनतीन? मानूस पाठ करून बसला!” ते म्हणाले.

मी शिकले होते ती पद्धत साधी होती. माणसाच्या आत एकच कुणी नसतं. एक भाग दुखावलेला असतो, दुसरा त्याला जपायला पुढे उभा असतो. रिकामी खुर्ची ठेवायची, त्यांच्यातला एक तिच्यावर बसलाय असं मानायचं आणि त्याच्याशी बोलायचं. शेठजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

पहिल्या दोन दुपारी खुर्ची रिकामीच राहिली. तिसऱ्या खेपेला बोलता बोलता त्यांची मान आपोआप भिंतीकडे वळली. मी विचारलं, “शेठजी, ही मान कोण वळवतंय?”

ते खुर्चीकडे पाहत म्हणाले, “आहे एक. लय कडक आहे. म्हनते, खाली पाहून खाय, लोक पाहून राह्यले.”

“तो असं काहून करतो, विचारा त्याला.” ‘का’ऐवजी त्यांचा ‘काहून’ एव्हाना माझ्या तोंडी बसला होता.

“म्हनते, मी बाजूले झालो तं लोक हासतीन.”

“कुणाला हसतील?”

मग त्यांनी सांगितलं. आई वारली तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. वडिलांनी त्यांना केनवडला मामाकडे ठेवलं. एकदा घरी पाहुणे आले होते, पंगत बसली होती. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. मामी सगळ्यांदेखत म्हणाली, “याचं पोटच भरत नाई. आईले खाल्लं, आता आमाले खाते.” पाहुणे हसले.

“अन् मीबी हासलो,” शेठजी म्हणाले. “सगळे हासून राह्यले होते ना.”

आवाज तसाच होता, कापडाचा भाव सांगितल्यासारखा. डोळ्यांत पाणी नव्हतं. मी म्हटलं, आधी त्या मान वळवणाऱ्याची परवानगी घ्या, मग त्या पोराला समोर बसवा. परवानगी मिळाली, पण फक्त लग्नापुरती. शेठजी खुर्चीकडे वळले आणि हळूच म्हणाले, “तू जास्त नव्हता खात रे. तुले भूक लागली होती.”

त्यानंतर त्यांनी घरी बायकोसमोर बसून जेवून पाहायचं ठरवलं. चार-पाच दिवसांनी त्याच खोलीत त्यांची बायको आली. मला वाटलं, काही बिनसलं. ती दाराशीच उभी राहिली.

“काल त्यायनं माह्याकडं तोंड करून भाजी मागितली,” ती म्हणाली. “वाढायचं सोडून मी आत निघून गेली.”

“का हो?”

“बाई, मी लग्न होऊन आली तवापासून समजून राह्यली होती का यायले माह्या हातचं आवडत नाई. म्हनून पाठ करते. म्यां कदी इचारलं नाई, त्यायनं कदी सांगतलं नाई.”

पुढच्या भेटीत मी हे शेठजींच्या कानावर घातलं. ते एकदम उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि वेळ उरलेला असतानाही घरी गेले.

लग्नाची पंगत दिवस मावळायच्या आत बसली. मीही होते, बायकांच्या बाजूला. शेठजी व्याह्यांच्या शेजारी बसले. सुरुवातीला मान एकदा वळली, मग सरळ झाली. कुणी तरी आग्रह करून आणखी एक जिलबी वाढली. ती त्यांनी खाल्ली, सावकाश, पानाकडे पाहत. समोर पाहिलं नाही. व्याह्यांना त्यात काहीच वेगळं दिसलं नसावं. ते कापसाबद्दल बोलत होते.

लग्नानंतर शेठजी माझ्याकडे आले नाहीत. पुढे बाजारात जाताना दुकानात डोकावले, तेव्हा जेवणाचं विचारलं. “घरी जमते,” ते म्हणाले. “परक्याच्या घरी अजून नाई.” नोकर ऐकतोय असं दिसल्यावर त्यांनी मला साड्या दाखवायला सुरुवात केली. मीही पाहत बसले.