तांबड्या पेटीतली जुनी किल्ली

किल्लीताईला कशाकशाची भीती वाटते हे सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. कशाची वाटत नाही ते सांगणं सोपं आहे: कुलपाची. बाकी कुत्रा, लिफ्ट, गॅसचा वास, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, सगळ्याला ती घाबरते. तिचं किल्ल्या बनवायचं दुकान आणि माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान एकाच जिन्याखाली आहे, मध्ये फक्त एक पत्रा. त्या पत्र्यातून तिच्या मशीनची किरकिर आणि तिच्या जिवाची किरकिर, दोन्ही मला दिवसभर ऐकू येतात. "काका, मी निघताना गॅस बंद केला होता ना हो?" असं ती मला विचारते. जसा काही मी तिच्या ओट्यापाशी उभाच होतो!

दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. ते अचानक गेले तेव्हा ही शिकत होती. शिक्षण सोडून त्यांच्या खुर्चीत येऊन बसली, ती अजून तिथेच आहे. लग्नाचा विषय तिच्यापुढे काढायचा नाही. मी एकदा काढला होता, तर आठवडाभर माझा चहा बंद झाला.

वडील होते तेव्हा आई रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि परत जायचं नावच काढायची नाही. नवऱ्याशेजारी स्टूल ओढून बसायची. बघून बघून तिच्या बोटांत ती विद्या उतरली होती. कुणी किल्ली हरवलेली पेटी घेऊन आलं, की नवरा हत्यार शोधेपर्यंत हिने केसातली पिन काढून कुलूप उघडलेलं असायचं. "हिच्यापासून जपून राहा," तो मला डोळा मारून सांगायचा, "माझं नशीब म्हणून चोर घरातच सापडला."

तो गेला आणि काही वर्षांत आईची आठवण झिजायला लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवण झालं की नाही ते, मग नवरा वारला हेही. रोज संध्याकाळी ती त्याचं ताट वाढून ठेवायची. किल्लीताई ते ताट गुपचूप उचलायची आणि रात्री स्वतः त्यातच जेवायची. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी तिच्यावर उगाच खेकसलो.

आता त्या पेटीचं सांगतो. तिच्या इमारतीच्या फाटकाशी भिंतीत एक तांबडी लोखंडी पेटी बसवली आहे. आग लागून बंब आला तर जवानांना दारं फोडत बसावं लागू नये, म्हणून इमारतीच्या किल्ल्या तीत ठेवायच्या: गच्चीची, मीटरच्या खोलीची, पंपाची. ज्यांच्या घरी म्हातारं किंवा आजारी माणूस एकटं असतं त्यांनी घराचीही द्यावी, असं अग्निशमन दलाने सुचवलं होतं. पेटी उघडते ती फक्त दलाकडच्या किल्लीने. रहिवाशांना ती उघडता येत नाही. लोकांनी आधी नाकं मुरडली. "म्हणजे चोरांना एकाच ठिकाणी सगळा बाजार!" तेव्हा हीच भित्री भागुबाई घरोघर फिरली, सगळ्यांना पटवलं, सगळ्या किल्ल्या स्वतः कापून दिल्या, प्रत्येकीला घराच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला अडकवला. पहिली किल्ली तिच्या घराची होती. त्या दिवशी दुकानात येऊन म्हणाली, "काका, आज मला झोप लागेल."

तशी ती लागतही होती. सकाळी आईला न्हाऊमाखू घालायची, जेवण झाकून ठेवायची, दाराचं लॅच ओढून दुकानात यायची. शेजारीण अधूनमधून डोकावायची. आई दार उघडून बाहेर पडेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, कारण ती जागची हलतच नव्हती.

पण एक दिवस ती हलली. लॅच उघडून, अनवाणी, चार रस्ते ओलांडून बाजारात पोचली आणि एका बंद दुकानासमोर बसून शटरच्या कुलपात पिन घालायला लागली. तिला वाटलं, नवऱ्याचं दुकान आहे, उघडायला उशीर झालाय. लोकांना काय वाटणार? गर्दी जमली. कुणीतरी तिचा दंड धरला, कुणीतरी ढकललं. ओळखीचा भाजीवाला मध्ये पडला नसता तर पुढचं मला बोलवत नाही. किल्लीताई तिला घेऊन आली तेव्हा आईच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि ती लेकीला विचारत होती, "त्या लोकांची किल्ली हरवली होती का गं?"

त्या दिवसापासून किल्लीताईची भीती वेगळीच झाली. पूर्वी ती बोलायची, आता गप्प राहायला लागली. तिने कुठूनतरी एक जबरदस्त कुलूप मागवलं. त्याच्या किल्लीला दाते नव्हते, खळगे होते. दार आतून उघडायचं तरी किल्लीच हवी. दाराला आतून पोलादी पत्राही ठोकला. "हे आईच्या पिनेला उघडणार नाही," ती म्हणाली. "माझ्या मशीनवर ह्याची दुसरी किल्लीही निघत नाही." तिच्या आवाजात जरासा अभिमान होता. शेवटी कारागीरच ती. कुलपाबरोबर दोनच किल्ल्या आल्या होत्या. एक तिच्या गळ्यात, दुसरी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये.

"आणि तांबड्या पेटीत?" मी विचारलं.

"टाकायचीय."

"कधी?"

"टाकीन हो काका! पेटी काय माझ्या बापाची आहे? दलाचा माणूस आल्याशिवाय उघडत नाही ती."

"मग बोलाव की त्याला. फोनला पैसे पडतात?"

तिने मशीन सुरू केलं. माझं बोलणं बुडवायचं असलं की ती मशीन सुरू करते, हातात किल्ली नसली तरी. मग मशीन थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो दार बघायला मागेल. दोन्ही बाजूंनी किल्ली बघितली की म्हणेल, माणसाला असं कोंडायचं नाही, हे काढा. मग मी काय करू? परत तिला गर्दीच्या हाती देऊ?"

मी डोळ्याला भिंग लावलं आणि कुणाचंतरी घड्याळ उघडलं. पेटीत तिच्या घराच्या बिल्ल्याला जुनीच किल्ली लटकत राहिली, कुठलंच कुलूप न उघडणारी.

ती दुपार मला अजून झोपेत दचकवते. ऊन कडक होतं, गिऱ्हाईक नव्हतं, मी पेंगत होतो. पत्र्यापलीकडे फोन वाजला, आणि मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मी वाकून बघितलं तर ती उभी होती, फोन जमिनीवर, आणि फोनमधून शेजारणीचा ओरडण्याचा आवाज येत होता. मीटरच्या खोलीत आग लागली होती, जिन्यात धूर भरला होता, सगळे खाली उतरले होते. सगळे म्हणजे, एक सोडून.

मी स्कूटर काढली. दुकान उघडंच टाकलं. ती मागे बसली आणि तिने माझा शर्ट असा पकडला की गळ्याशी आवळला. वाटेत ती एकच वाक्य बोलत होती. "पेटीत जुनी आहे, काका. पेटीत जुनी आहे." मला तिला गप्प बस म्हणायचं होतं, पण माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं. सिग्नल तोडला, एका हातगाडीला घासलो, शिव्या खाल्ल्या. मी घड्याळवाला माणूस, पण किती वेळ लागला ते मला आजही सांगता येणार नाही. मला तो रस्ता संपतच नाही असं वाटत होतं.

फाटकाशी बंब उभा होता. तांबडी पेटी उघडी होती आणि आतल्या किल्ल्या जवानांनी नेल्या होत्या. गच्ची उघडली होती, मीटरची खोली उघडली होती, तिथली आग विझतही आली होती. तिने स्वतः कापलेली प्रत्येक किल्ली लागली होती. फक्त चौथ्या मजल्यावरची एक लागली नव्हती, आणि त्या घराच्या खिडक्यांतून धूर बाहेर येत होता.

किल्लीताई गळ्यातली किल्ली उपसत धावली. एका जवानाने तिला अडवलं. "ताई, वर जाता येणार नाही."

"ही घ्या! ही खरी आहे, ती जुनी आहे, ही घ्या!" दोरा तुटेना, तेव्हा तिने तो डोक्यातून ओढून काढला. कानामागे रक्त आलं तेही तिला कळलं नाही. जवान किल्ली घेऊन धूर भरलेल्या जिन्यात शिरला.

आम्ही खाली उभे राहिलो. आजूबाजूचे लोक कुजबुजत होते, "आईला कोंडून जाते रोज." मी वळून एकाला असं झापलं की तो मागे सरकला. रोज डोकावणारी शेजारीण तेवढी रडत होती, बाकी सगळे बघे होते.

मग खाली थांबलेल्या एका जवानाच्या वायरलेसवर आवाज आला आणि तो आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "किल्ली आत जात नाही. भोकात आतून काहीतरी खुपसलंय."

किल्लीताई खाली बसली. "पिन," ती म्हणाली. "आईने पिन घातलीय." तिचे दात वाजत होते. भर उन्हात तिला थंडी भरली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वरून दार कापण्याचा आवाज सुरू झाला. तो पोलादी पत्रा तिने स्वतः निवडला होता, जाड बघून. यंत्र त्याच्यावर किंचाळत होतं आणि प्रत्येक किंचाळीला ती कान झाकून घेत होती. मध्येच यंत्र थांबलं की ती वर बघायची, परत सुरू झालं की मान खाली. मी देवाचं फारसं कधी नाव घेत नाही. त्या दिवशी घेतलं, आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडलोसुद्धा.

शेवटी एक जवान जिन्यातून बाहेर आला. त्याच्या हातांवर आई होती. चेहरा काळा, केस मोकळे, डोळे मिटलेले. किल्लीताई उठली आणि तिथेच थिजून उभी राहिली, पुढे जायची तिची हिंमत होईना. मग आई खोकली. तो खोकला ऐकून माझ्या जिवात जीव आला. लेकीने जाऊन तिला मिठी मारली.

"पोरी," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दाराच्या पलीकडे कुणीतरी अडकलंय. दार ठोठावत होतं बिचारं. मी किती खटपट केली, उघडतच नाही. तुझ्या बाबांना बोलाव."

तिची मूठ उघडली तर आत वाकड्या झालेल्या पिना होत्या, आणि बोटांची टोकं सोललेली. धुरापासून लांब जायचं सोडून ती दारापाशी बसून राहिली होती, बाहेर ठोठावणाऱ्या जवानांची सुटका करायला.

आई इस्पितळात राहिली आणि बरी होऊन घरी आली. दलाचा साहेब किल्लीताईला रागावेल असं मला वाटलं होतं, मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. पण तो रागावला नाही. "दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, ताई," एवढंच म्हणाला. "ह्या कुलपाने त्यांचा जीव गेला असता. बाकीचा मार्ग आपण शोधू." नवं दार बसलं. त्याला आतून साधा खटका, बाहेरून साधी किल्ली. तिची नक्कल कापायला तिने एवढा वेळ लावला की मी दोनदा हाक मारली. साहेबाने पेटी उघडली तेव्हा तिने आधी ती किल्ली त्याला वर नेऊन दाराला लावून बघायला लावली, मग परत एकदा लावायला लावली.

नवं दार बसल्यावर ती पहिल्यांदाच दुकानात निघाली होती. शेजारीण दुपारभर आईपाशी बसणार होती, पण ती तासाभराने येणार होती. तिला न्यायला आलेला मी जिन्यात उभा होतो. किल्लीताईने दार ओढलं, लॅच लागलं. मग ती तिथेच थांबली. बाहेरून कडी घालावी म्हणून हात वर गेला आणि मध्येच थांबला. कडी घातली तर आग, नाही घातली तर गर्दी. हात खाली येईना, वर जाईना. "काका, मला जमत नाहीये," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय." आणि दाराला डोकं टेकून ती रडायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली.

आतून पावलं आली.

"कोण आहे बाहेर?" आईचा आवाज. "अडकलंय का कुणी?"

किल्लीताईने तोंड पुसलं. "मी आहे, आई. मी अडकलेय."

"रडू नको बाळा. थांब हं, उघडते."

आत काहीतरी खरवडलं, खुट्ट वाजलं, आणि दार उघडलं. दारात आई उभी होती, हातात केसातली पिन. तिने लेकीकडे बघितलं, मग खटक्याकडे बघितलं.

"इतकं साधं कुलूप," ती म्हणाली, "आणि तू बाहेर रडत बसलीस होय?"