आईच्या गरम पाण्याचं बिल

लेकीच्या घरी आई राहायला आली की घरातल्या माणसांना अचानक विजेचे दर पाठ होतात. हा माझा अनुभव आहे, आणि मी तो कुणाच्याही तोंडावर सांगते.

माझी आई पिंपळनेरची. वडील गेल्यावर तिथं एकटीच राहत होती. संधिवातानं बोटं वाकडी झाली, भाकरी थापणं बंद झालं, तेव्हा दिवाळीत मी तिला धुळ्याला आमच्या घरी घेऊन आले. घर नवऱ्याचं नि जेठांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं, मिळून. ते वर राहतात, आम्ही खाली. पण मीटर एकच आणि बिल निम्मं-निम्मं. जेठांना सगळे भाऊ म्हणतात, मीही. माणूस वाईट नाही. फक्त घरात कुठं दिवा उगाच जळताना दिसला की त्यांच्या पोटात कळ येते.

डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी उठल्या उठल्या हात गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, दिवसातून आणखीही जमेल तेव्हा, आणि आंघोळ कढत पाण्यानंच. त्यासाठी गीझर सारखा चालू ठेवला तर काय होईल, ते भाऊंनी मला आधीच ऐकवलं. मी शाळेत शिकवते, पगार माझा. मी सरळ हीट पंप आणला. फ्रीजएवढं उंच मशीन. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं आणि गार झालेली हवा बाहेर फेकतं, त्यामुळे गीझरपेक्षा वीज पुष्कळ कमी खातं, असं दुकानदार म्हणाला होता.

आता ते ठेवायचं कुठं? धुळ्यात कुठल्याही किमती वस्तूची जागा ठरलेली असते: उन्हापासून लांब. नवऱ्यानं नि भाऊंनी ते कोठीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या धान्याच्या खोलीत बसवून घेतलं आणि दार लावलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिलं बिल आलं ते गीझरच्या दिवसांपेक्षा जास्त. पुढचं त्याहून जास्त. भाऊंनी झोपाळ्यावर बसून ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "पाणी तापतंय की सोनं वितळतंय?" नवरा हसला. होळीनंतरच्या बिलाला मात्र कुणी हसलं नाही. "हे मशीन विकून टाका," भाऊ म्हणाले. "आणि विहीणबाईंना म्हणे पिंपळनेरची हवा चांगली मानवायची." काय पण गोड आवाजात! आई आत तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं.

त्यानंतर एका पहाटे ती न्हाणीतून बाहेर आली, मी तिचा हात धरला, तर गारढोण. बोटं उघडेचनात.

"गरम पाणी संपलं का गं?"

"माले थंडा पानीनी सवय शे वं," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "पिंपळनेरले कोन गरम पानी देत व्हतं?"

खोटं बोलते माझी आई. पिंपळनेरला चुलीवर हंडा चढवल्याशिवाय ती कधी न्हायली नाही. आणि तिच्या खाटेखाली पाहिलं तर पिशवी भरून तयार. लुगडी, चष्मा, गोळ्या, सगळं.

माझं डोकं असं सणकलं की शाळेत एक अक्षर शिकवता येईना. अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले. त्या मशीनला झालंय तरी काय, बघतेच आता, म्हणून तडक कोठीकडे गेले आणि दार ढकललं.

आत भाऊ! खाट टाकून, गोधडी गळ्यापर्यंत ओढून, मस्त घोरत पडलेले. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं आणि आत माझ्या अंगावर काटा आला, इतकी थंडी. मशीनची आपली घरघर चालूच.

तिथंच उभं राहून मी दुकानदाराला फोन लावला. "बंद खोलीत ठेवलंत?" तो म्हणाला. "अहो ताई, मग ते आपणच सोडलेल्या गार हवेत उष्णता शोधत बसणार. चालत राहणार, बिल वाढत राहणार. त्याला मोकळी, तापलेली हवा द्या."

हात कपाळाला लावावा की हसावं! साऱ्या धुळ्यात गरम हवा मागणारं एकच मशीन, आणि आम्ही ते सावलीत कोंडलेलं.

"उठा भाऊ," मी म्हणाले. "आंघोळीचं नाही, हे तुमच्या झोपेचं बिल येतंय."

ते गोधडी सावरत उठले. "मला काय माहीत? गार लागलं, म्हटलं पडावं जरा."

"पडा ना, खुशाल पडा. पण बिल माझ्या आईच्या नावावर फाडू नका."

त्याच आठवड्यात प्लंबर बोलावून मी मशीन मागच्या अंगणात पत्र्याखाली नेलं. उन्हानं जळून जाईल, असं नवरा म्हणाला, भाऊही म्हणाले. जळलं तर माझ्या पगारातलं जळेल, म्हटलं.

पुढचं बिल गीझरच्या दिवसांपेक्षाही खाली आलं. भाऊंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मोठ्या मनानं म्हणाले, "हां, आता परवडतंय. आता राहू द्या विहीणबाईंना." नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला. मीही जिंकल्याच्या तोऱ्यात उभी होते. तेवढ्यात आई दारात आली आणि मला हळूच म्हणाली,

"बिल कमी उनं ना वं माय? मंग आते राहू का मी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बिल दुप्पट आलं असतं तरी तू इथंच राहिली असतीस!" मी ओरडलेच. "ऐका सगळ्यांनी. यापुढे माझ्या आईचं राहणं आणि लाइटबिल एका वाक्यात कुणी काढायचं नाही. ज्याला परवडत नसेल त्यानं वेगळा मीटर घ्यावा, उद्याच्या उद्या!"

"अगं..." नवरा म्हणाला.

"अगंबिगं काही नाही."

मी कढत पाण्यानं टब भरून आणला आणि झोपाळ्यासमोर, बैठकीच्या मधोमध ठेवला. आईला खाली बसवलं. तिनं मनगटापर्यंत हात बुडवले. भाऊ बिलाची घडी घालत बसले.

मग आई, कुणाकडेही न बघता, चांगली खणखणीत म्हणाली, "आखो थोडं गरम टाक."