एका शब्दासाठी सिरसाळा

पुण्याहून बीडच्या एसटीत बसले तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. खिडकीची काच सरकेना, पाठीला स्प्रिंग टोचत होती. आणि हा सगळा खटाटोप एका शब्दासाठी.

समुद्रापारची एक कंपनी कापसावर फवारायचं कीटकनाशक बनवते. ते फवारताना सिरसाळ्याजवळच्या वस्तीवरचा म्हादू नावाचा मेंढपाळ दगावला. तो मजुरीने दुसऱ्याच्या रानात फवारायला गेला होता. कंपनी परदेशातली म्हणून इकडच्या कोर्टाने हात वर केले. मग त्याची बायको कौसाबाई तिकडच्या कोर्टात गेली, म्हणजे तिचा जबाब गेला. त्यात ती म्हणाली, "औषधानं गेला." आपल्याकडे फवारणीच्या पाण्याला औषधच म्हणतात. दुभाष्याने तिकडच्या भाषेतही औषधच लिहिलं. झालं! कंपनीचे वकील म्हणाले, मग डॉक्टरला धरा, आमच्या दारात कशाला? खटला तिथे चालवायचा की नाही हेच अजून ठरायचं होतं, म्हणून जबाब पुन्हा घ्यायचा होता आणि नवी दुभाषी मी होते. शब्दाला शब्द द्यायचा, पदरचं काही घालायचं नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतलेली.

बीडला गाडी बदलून वडवणीला उतरले तो आठवडी बाजार भरलेला. गर्दीत कुणाचा तरी पाय पडून माझ्या चपलेचा अंगठा तुटला. कौसाबाईचे इथले वकील देशमाने न्यायला आले होते, ते हसले. मला काही हसू आलं नाही. पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. एरवी मला तो फार आवडतो. त्या दिवशी बघवेना.

वस्तीवर आधी जेवण. भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी). इतकी चविष्ट की मी दोनदा मागून घेतली आणि मग मलाच लाज वाटली. कौसाबाई कमी बोलणारी. लग्नाची मुलगी भाकऱ्या थापत होती. शेजारपाजारचे येऊन ओसरीवर टेकले.

देशमान्यांनी तिला समजावलं, या वेळी सरळ विष म्हणा, भानगडच मिटेल. तिने ओसरीवर टेकलेल्या लोकांकडे पाहिलं.

"इष न्हाई म्हननार, साहेब. इष म्हनलं की पिऊन मेला असं व्हतंय. दवाखान्यात बी तेच इचारलं, घरात भांडन झालतं का म्हनून. लई हसरा मानूस व्हता त्यो. पोरीला उद्या लोक काय म्हंतील?"

देशमाने चिडले, की अशाने खटला हातचा जाईल. मला त्यांचाच राग आला, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं म्हणून जास्तच आला. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि जे झालं ते तुमच्या शब्दांत सांगा म्हटलं.

"कापसावर मारायचं औषध. त्यानं अळी मरती. माझा मानूस पिला न्हाई, वाऱ्यानं अंगावर आलं. दुकानदार औषधच म्हनून देतो, मी बी औषधच म्हननार."

इतका स्वच्छ जबाब मी आजवर भाषांतरित केला नव्हता. परतीच्या गाडीतलीही काच सरकत नव्हती, पण मी कुणाशी भांडले नाही. वाटलं, आता कुणाला फाटे फोडता यायचे नाहीत.

फाटे कुणी फोडलेच नाहीत. जबाब मान्य झाला, शब्दही कळला. पण माणूस भारतात मेला, तेव्हा भारतातच दाद मागा, असं म्हणून तिकडच्या कोर्टाने दावा फेटाळला. ते सांगायला मी कौसाबाईला फोन केला. मागे मेंढरं ओरडत होती. तिला वाटलं, तिचाच शब्द चुकला. नाही, शब्द बरोबर होता, असं मी तीनतीनदा सांगितलं.

"मंग ताई, औषध तिकडून इकडं आलं, तवा कुनी अडवलं न्हाई. माझंच बोलनं कावून अडलं?"

मी तिचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून तिच्या तिकडच्या वकिलांना पाठवलं. त्यांनी कळवलं, भाषांतर उत्तम आहे.